आजीच्या मृत्यूला पैकीच्या पैकी

सकाळी शाळेकडे निघालेल्या शू-हुई बाई नेहमीप्रमाणे मास्क लावून तैवानमधल्या ताइनान शहरातल्या एका न्याहारीच्या गाडीपुढे रांगेत उभ्या राहिल्या. आत्मकथनं कशी वाचावीत, हे त्या शिकवत. आजच्या तासासाठी पिशवीत त्यांची विद्यार्थिनी यू-त्सेन हिच्या निबंधाच्या प्रती होत्या. आजीच्या मृत्यूवरच्या त्या निबंधाने बाईंना रडवलं होतं. पुढेच यू-त्सेन मैत्रिणीशी बोलत होती.

“आज वर्गात तुझा निबंध घेणार म्हणे!”

“हो ना. बाई म्हणाल्या, असं दुःख भोगल्याशिवाय लिहिता येत नाही.”

“आणि आजी?”

“ती काय, अंडी फोडतेय. ए आजी, माझ्या पोळीत कांदापात जास्त घाल गं!”

“घालते,” गाडीमागून आजी म्हणाली. “मेलेल्या माणसाला किती राबवशील?”

“अगंबाई, यांना ठाऊक आहे?” मैत्रिणीने विचारलं.

“मीच वाचून दाखवलं. आजोबांना सहामाहीच्या निबंधातच मारलं होतं, मग उरलं कोण?”

“त्यांना सत्तरच गुण पडले,” आजी तवा खरवडत म्हणाली. “मला पैकीच्या पैकी! पण काय गं, मरताना मी तुझी माफी कशाबद्दल मागते?”

“तिथेच तर बाई रडतात.”

“मी नाही हो मागणार. घरी आलीस की खोलीचं दार लावून घेतेस, ते का नाही लिहिलंस?”

“त्याला गुण नसतात, आजी.”

बाईंनी मान खाली घालून आपली पोळी घेतली.

शिक्षकांच्या खोलीत त्यांनी प्रती काढल्या. निबंधाखाली छापलेला शेवटचा प्रश्न होता: ‘लेखिकेचं दुःख कोणत्या वाक्यात सर्वांत खरं वाटतं?’ प्रत्येक प्रतीवर तो खोडून त्यांनी खाली लिहिलं: ‘आजीने हे वाचलं, तर ती काय विचारेल?’