गडूभर तीर्थ

वामनराव : ते पेन ठेवा मॅडम, अन् खुर्ची जराशी जवळ घ्या. एक गोष्ट सांगतो. लहान हाये, पन खरी हाये.

प्रियदर्शनी : काका, कीर्तन संध्याकाळी. पाचच्या आत हा कागद ऑफिसला जायला हवा.

वामनराव : जाईबाईले कामावरून काढाचा.

प्रियदर्शनी : मग काय करू? क्रेनची एवढी मोठी रिंग, वरून चांदीसारखी, अन् मशीन लावलं तर आत भेगाच भेगा. पावडर ओली असल्याशिवाय असं होत नाही. अन् पावडर भाजून कोरडी करायचं काम तिचं.

वामनराव : तिनं आठ घंटे भाजली म्हनून लेहलं ना वहीत?

प्रियदर्शनी : वही काहीही बोलते, पोलाद खोटं बोलत नाही. पोलादाचा दांडा विजेनं थेंब थेंब वितळतो, त्या तापल्या पावडरीतून गाळून साच्यात बसतो. पावडरीत ओल असली की पोलाद ती पिऊन घेतं, अन् गार झाल्यावर आतून तडकतं. ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं मी.

वामनराव : त्या ट्रेनिंगच्या दिवशी मी बाळापूरले सप्त्यात होतो. वीना माह्या गळ्यात होता.

प्रियदर्शनी : त्याचं इथं काय?

वामनराव : जुन्या भट्टीवर वीस वर्सं आमी पहिल्या घानीले तीर्थ शिंपडलं. हा नवा साचा, पहिली रिंग. म्हनून कौंडण्यपूरचं पानी आनलं होतं. साच्यावर चार शिंतोडे माराचे होते.

प्रियदर्शनी : मारले?

वामनराव : खाली पावडरीचं पिंप उघडं होतं. गडू हातातून सुटला.

प्रियदर्शनी : किती पाणी होतं?

वामनराव : गडूभर.

प्रियदर्शनी : अन् तुम्ही गप्प बसलात.

वामनराव : फावड्यानं वरखाली केलं. वाटलं, एवढ्या आगीत पान्याचं काय राह्यते. चालू करताना तडतड झाली, तवा देवानं तीर्थ घेतलं म्हनून म्या हात जोडले.

प्रियदर्शनी : ती उकळती पावडर अंगावर उडाली असती काका. भट्टीवरचा पोरगा, बंडू, समोरच उभा होता.

वामनराव : आता समजते.

प्रियदर्शनी : तीन दिवस झाले. रोज तिच्याच पंगतीला बसून भाकर खाता तुम्ही.

वामनराव : तिनंच ठेचा वाढला. आज म्हने, 'वामनदादा, मी चुकली कुठं, तुमीच सांगा.' काल कीर्तनात हातातले टाळ वाजेनात. बुवा म्हने, देव भावाचा भुकेला. मले वाटलं, मंग म्या त्याले पानीच काहून पाजलं?

प्रियदर्शनी : निवृत्तीला दोन महिने राहिलेत. हे लिहिलं तर शाल-नारळ तर सोडाच, उद्यापासून गेट बंद होईल.

वामनराव : लेहा.

प्रियदर्शनी : घरी एकदा विचारून या.

वामनराव : घरी सांगूनच आलो.

(प्रियदर्शनीनं जाईबाईचा कागद उभा फाडला. वामनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.)

प्रियदर्शनी : सांगा. पहिल्यापासून.

वामनराव : सांगतो. पन एक मागनं हाये. उद्या माह्या जागी नवा मानूस येईन. त्याले माहं नाव नाई सांगतलं तरी चालीन. जाईबाईचं सांगजा. म्हना, तिची आठवन ठेव बाबू, पावडर तिनं कोरडीच देली होती.