लोकरीची टोपी

मस्कतमधल्या अल हैलच्या दवाखान्यात तापानं फणफणलेल्या लेकीला मांडीवर थोपटत सबीहा बसली होती. मागच्या बाकावर वसईचं एक जोडपं मराठीत बोलत होतं, आणि माहेरची भाषा ऐकून तिचे कान आपसूक तिकडे लागले.

"ज्युलियस, टोपी काढ. बाहेर ऊन आग ओकतंय आणि तुझ्या डोक्यावर लोकर!"

"सवय करतोय, विनी. हिमालयात जायचंय, स्पितीत."

"दर वर्षी हेच."

"दर वर्षी सुट्टी नाताळात, तेव्हा तिथला घाट बर्फाखाली. उन्हाळ्यात अख्ख्या मस्कतच्या गाड्यांचे एसी बिघडतात. अर्बाब गॅरेजातनं सोडतो कुठे? मालकच तो."

"या जुलैत सोडलं ना?"

"त्यानं सोडलं. आता या छातीनं सोडलं पाहिजे."

"डॉक्टर नाही म्हणाले तर?"

"तर तू जा. कड्यावरचा तो बौद्धांचा मठ बघ आणि मला येऊन सांग."

"एवढी वर्षं तूच मला तो रस्ता सांगतोयस, वळणावळणानं. एकटी जाऊन कोणाला म्हणू, हेच ते वळण म्हणून?"

लेकीला थोपटणारा सबीहाचा हात थांबला.

नर्सनं नाव पुकारलं. ज्युलियसनं घाईघाईनं टोपी काढली. विनीनं ती परत त्याच्या डोक्यावर, कानांवरून ओढून, नीट बसवली.

"राहू दे. डॉक्टरांना कळू दे, आपण कुठे निघालोय ते."