गणपतचं गुलाबाचं अत्तर

जळलो मी, आता तुमच्यापासून काय लपवाचं! त्या साली विलायतेतून कापसाले मागणी आली, भाव आभाळाले टेकला, अन् आमचा शेजारी गणपत बायकोसाठी अमरावतीहून गुलाबाचं अत्तर घेऊन आला. एका लग्नाच्या मांडवात तो ज्याच्या त्याच्या मनगटाले अत्तराचं बोट लावत हिंडला. माह्याजवळ आला अन् म्हणे, "जपून बरं, महाग हाय!"

माह्या अंगाचा नुसता भडका उडाला. तेवढ्यात आमच्या म्हाताऱ्या मावशीनं त्याच्या हाताचा वास घेतला अन् भर मांडवात इचारलं, "काहून रे गणपत, गुडघे धरले काय तुह्ये?"

सारा मांडव हासला. ते रोशा गवताचं तेल होतं! त्याचा वास गुलाबासारखाच येते. तिळाच्या तेलात कालवून मी रोज तेच गुडघ्याले चोळत होतो.

मी धावतच घरी गेलो. "आयकलं काय? गणपतनं बायकोले रोशाचं तेल आणलं!"

भाकर थापता थापता बायको म्हणाली, "तिच्यासाठी आणलं त खरं! आपल्या घरी तेच तेल हाय, पण तुमच्या गुडघ्याच्या वर कधी चढलं नाही."