नळ्या साफ हायत

किशनराव : ऐकलं का गं? नळ्या साफ हायत म्हणायलीय डॉक्टरीनबाई. एकदम कॅनॉलवानी! ऊठ, पिशवी भर. जिंतूरची यष्टी सापडंल अजून.

डॉ. निवेदिता : काका, पडून राहा. हृदयाच्या रक्तनळ्या साफ आहेत, पण हृदयाचा खालचा भाग नीट आकसत नाहीये. मनाला मोठा धक्का बसला की कधी कधी असं होतं. बहुतेक लोक बरे होतात. काल घरी काय झालं होतं?

किशनराव : काय व्हायलंय! दोन भाकरी जास्ती झाल्या. मागं पोखर्णीच्या जत्रंत पैजंवर घमेलंभर वरण पेलो होतो. चार दिवस चाललो की पोटात लाटा वाजायच्या. तळं समजून म्हशी मागं लागायच्या. त्याच्यापुढं हे काय!

डॉ. निवेदिता : मुलं किती तुम्हाला?

किशनराव : एकच. परमेश्वर.

डॉ. निवेदिता : कुठे असतो?

किशनराव : आता परमेश्वर कुठं असतो म्हणून इचारल्यावर काय सांगावं? सगळीकडंच की! जहाजावर हाय तो. लय मोठं जहाज. ह्या टोकाला सोयाबीन पेरायचं, त्या टोकाला जाईस्तोर काढणीला येतं.

सुमनबाई : आवो, पुरं करा.

किशनराव : तुला काय मालूम? तिथला कप्तान...

सुमनबाई : डॉक्टरीनबाई, पोरगं गेलंय आमचं. मागच्या वेचणीला कापसात साप चावला. हे आल्या-गेल्याला जहाज सांगायलेत. आन लोक बी ऐकून घ्यायलेत बिचारे.

डॉ. निवेदिता : आणि काल?

सुमनबाई : त्याची फटफटी वरीसभर गोठ्यात उभी होती. सटवाजी भावजी, ह्यांचे धाकले भाऊ, त्यांनी काल ती पुसून चालू केली, गावातून एक चक्कर मारली. गल्लीत आवाज आला तसे हे फाटक उघडाया पळाले. 'आला गं,' म्हणले. आन तिथंच खाली बसले.

डॉ. निवेदिता : तेव्हापासून छातीत दुखतंय?

किशनराव : ते फाटक जड हाय.

डॉ. निवेदिता : काका, मुलगा गेल्यावर तुम्ही रडलात का?

किशनराव : मी? मातीला आलेल्या लोकांला मीच चहा पाजला. बापानंच हंबरडा फोडल्यावर घर उभं ऱ्हातं व्हय?

सुमनबाई : दहाव्याला ह्यांच्या गप्पा ऐकून पाव्हणे पोट धरून हसायलते. आन मी चुलीपाशी पदर तोंडात कोंबून एकलीच रडायलते.

डॉ. निवेदिता : गोळ्या मी देते. पण आत कोंडून ठेवलेलं सगळं त्या हृदयावरच येऊन पडतंय, त्याला माझ्याकडे गोळी नाही. दोघं बोला हळूहळू. दम लागला की थांबा. मी पलीकडच्या खाटेपाशीच आहे.

किशनराव : गेली डॉक्टरीनबाई. काय बोलू आता?

सुमनबाई : साप चावल्यावर परभणीच्या दवाखान्यात नेताना जीपीत तुमीच होते त्याच्यापाशी. मला घरीच ठेवलं. वरीस झालं, इचारलं की जहाज काढता. माय हाय मी त्याची. काय म्हणला तो?



किशनराव : झोपू देऊ नका म्हणले होते लोक. म्हणून गोष्ट लावली.

सुमनबाई : कोणची?

किशनराव : दोन तोंडाच्या रेड्याची. बोरी गाव येईस्तोर हुंकार द्यायलता. 'हं आबा... हं.' मधी एकदा हसला बी.

सुमनबाई : मग?

किशनराव : झरीच्या अलीकडं हुंकार बंद झाला. मी थांबलो न्हाई. थांबलो असतो तर खरं झालं असतं गं. परभणी येईस्तोर सांगतच ऱ्हायलो. संपू दिली न्हाई.

सुमनबाई : म्हणजे अर्धीच हाय?

किशनराव : अर्धीच.

सुमनबाई : सांगा मग. झरीच्या अलीकडून सांगा.

किशनराव : तर... रेडा नदीपाशी आला. एक तोंड म्हणलं, उतरू पाण्यात. दुसरं म्हणलं, घरी... घरी जाऊ म्हणलं...

सुमनबाई : हं.