रॉकेलचा वास

माझं गाव दिंद्रुड, नाव बळीराम, आमचे दादा विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचे, त्यामुळं नुसत्या आवाजावरनं दुखणं ओळखायचं मला ल्हानपणापासून येतंय. हे आधीच सांगतो सर, कारण पुढं मी म्हणलो की मला कळलं न्हाई, तर इश्वास ठेवू नका. मला कळलं होतं.

माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात मी रोजंदारीवर मेस्तरी होतो. चेअरमन साहेबांची पांढरी अँबेसिडर आणि तिच्यावर डायव्हर उत्तम, आमच्याच गावचा, भीमनगरातला. डबा आमी एकत्र खायचो. रोज सकाळी तो बॉनेटला कान लावायचा, मी म्हणायचो, बे, ही बायको हाय का तुझी, तर म्हणायचा, बायको माझं ऐकती, हिचं मला ऐकावं लागतं.

दुष्काळाचं साल. ऊस वाळून गेलता, रोजंदारीची माणसं कमी करायला लागलेले, आणि मला मात्र साहेब म्हणलेले, तुला कायम करू. त्याच आठवड्यात मी त्या गाडीचं काम केलतं. पेट्रोल आन हवा इंजिनात जाती तिथल्या सांध्याला पॅकिंग असतं, ते मिळालं न्हाई, बीडला जायचा कंटाळा केला आणि बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसवला. साहेबांना म्हणलं, कंपनीचं टाकलंय.

आठ दिवसांत गाडी उभ्या जागी थरथरायला लागली. पळताना ठीक, उभी केली की धडधड, धडधड आणि बंद. एका दुपारी टँकरच्या पाण्याची बैठक संपवून साहेब चार डायरेक्टर घेऊन वर्कशॉपात आले, म्हणले, बघ रे काय झालंय. मी बघितलं. पलग पुसले, वायरी एकेक काढून लावल्या, कार्बोरेटर खोलला, सगळं ठीक. ऱ्हायला सांधा. काय सांगू तुमाला, ते बघायला लई सोपं असतं, चालू इंजिनाच्या सांध्यावर पाणी शिंपडायचं, फट असली तर पाण्यानं बुजती आणि इंजिन घडीभर शांत होतं. पुढं कितीतरी वर्षं मी मनाला सांगायचो, प्यायला पाणी न्हवतं तवा, इंजिनावर कुठनं शिंपडणार. खोटं हाय. भरलेला तांब्या माझ्या हाताशी होता. शिंपडलं असतं तर माझा पुठ्ठा निघाला असता.

मग मी टाकीतलं पेट्रोल बोटावर घेतलं, हुंगलं आणि म्हणलं, साहेब, रॉकेलचा वास येतोय.

म्हणजे डायव्हरनं पेट्रोल काढून विकलं आणि रॉकेल ओतलं, हे कुणाला उलगडून सांगावं लागलं न्हाई. उत्तम म्हणला, बळीराम, बे परत घे ना वास, नीट घे. मी बोटं फडक्याला पुसली. एकाबी डायरेक्टरनं स्वतः हुंगून बघितलं न्हाई. त्यांच्या घरचा कुणी असता तर बघितलं असतं, हेबी मला तवाच कळलं होतं. उत्तमनं चावी बॉनेटवर ठेवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी बीडहून पॅकिंग आणलं. गाडी एवढी गार चालायला लागली की बॉनेटवरच्या कपातला चहा हलंना. साहेब म्हणले, बघा, डायव्हर गेला आन गाडी सुधरली. मी कायम झालो.

उत्तम ऊसतोडीला जायला लागला. गावानं नाव पाडलं, रॉकेल उत्तम. त्याच्या लेकीला शाळेत रॉकेलची पोरगी म्हणायचे. नारायणगडाच्या जत्रेत तो दिसला की मी दुसऱ्या वाटेनं जायचो.

औंदा तीच गाडी एकानं लग्नात नवरदेव मिरवायला म्हणून घेतली आणि रिटायर झाल्यावर मी टाकलेल्या गॅरेजला आणली. उभ्या जागी धडधड, धडधड. मी पाणी शिंपडलं. शांत झाली. मी तिथंच चाकापाशी खाली बसलो, सर.

तसाच दिंद्रुडला गेलो, उत्तमला सगळं सांगितलं. तो म्हणला, मला माहीत हाय. तवाच फाट्यावर नव्या डायव्हरनं गाडी उभी केलती, आवाज ऐकला, कळलं, सांधा नीट केलाय. मी म्हणलं, मग बोलला कावून न्हाईस? म्हणला, रॉकेलचं कोण ऐकतंय बे. मी पाय धरायला वाकलो तर मागं सरकला. म्हणला, मला माहीत असलेलं मलाच काय सांगतोस, ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांग.

गावातल्या हॉटेलात सांगितलं. दोघं हसले, एकजण म्हणला, जुनं झालं, सोडा. साहेब तर वारले. तुमी लिहिता, छापता, म्हणून तुमच्याकडं आलो. माझं नाव खरं घाला, आणि त्याचं पूर्ण लिहा, उत्तम किसन साळवे, डायव्हर. त्याची लेक आता मास्तरीण हाय. छापलेला पयला कागद तिला नेऊन देणार हाय, दारात उभा ऱ्हाईन, ती म्हणल ते ऐकून घेईन.