पाय कोणी उचलायचा

(न्हाव्याचं बंद दुकान. तालमीला बाकीचे यायचे आहेत. बाप व्हायोलिनच्या तारा जुळवतोय, मुलगी मँडोलिनच्या.)

मुलगी: ...रविवारच्या लग्नात पाहुणे दमून खुर्च्यांवर बसले, बाबा. नवरा-नवरीसुद्धा. आणि आपण आपले वाजवतोच आहोत.

बाबा: मग थांबायचं. कुणी हात धरले होते?

मुलगी: आपल्या बँडात म्होरक्याने पाय उचलला की ते शेवटचं आवर्तन. तोवर कोणी थांबायचं नाही. नियम तुमचाच. रविवारी तुम्ही पाय उचललाच नाही.

बाबा: रंगात आलो असेन.

मुलगी: बँजोवाल्या काकांची बोटं सोलली.

बाबा: न्हावी तो. नाचता येईना, अंगण वाकडं. नेहमीचंच आहे त्याचं.

मुलगी: आणि त्या गिटारवाल्या मावशी! डोळे पुसायचे आणि परत वाजवायचं, असं चाललं होतं त्यांचं.

बाबा: अच्छा. म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलंय. आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला तुला पुढे केलंय.

मुलगी: मीच म्हटलं, मी बोलते. व्हायोलिन तुमचंच, पुढची खुर्चीही तुमचीच. पाय तेवढा मी उचलेन.

बाबा: तेवढा म्हणे. अगं, जगात कुठेही जा, तारा छेडणारे चार जण जमले की सुरू कोणीही करतं. थांबवतो तो म्होरक्या. मग मी कोण राहिलो?

मुलगी: माझे बाबा. व्हायोलिन वाजवणारे.

बाबा: गोड बोलून गळा कापतेयस.

मुलगी: हो. कापतेय.

बाबा: ...खरं सांगू? बोटं नाही चुकत माझी. पण चाल संपली की वाटतं, आत्ताच तर सुरू केली. हे पहिलंच आवर्तन. फार सुख असतं गं त्यात. मग तुमचे चेहरे दिसतात आणि भीती वाटते.

मुलगी: मलाही वाटते, बाबा.

बाबा: घाई नाही करायची हां. लोक नाचत असले तर अजून एकदा होऊ द्यायचं.

मुलगी: होऊ देईन.

बाबा: आणि पाय उचलताना माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस तर उचलवणार नाही तुला.

मुलगी: नाही बघणार.

बाबा: बरं, घे मग. तूच उचल. पण हे बोलणं उद्या विसरलो तर? परत असाच अंगावर येईन तुझ्या.

मुलगी: येताच. काल आलात, परवाही आलात. पण शेवटी दरवेळी हो म्हणता.