पान त्रेचाळीस

...अहो, चौकशीला माझी ना नव्हती, तुम्हाला सांगतो, म्हटलं, खुशाल करा! पण आधी कथा तर वाचा! सोळा पानांची कथा, वेगवेगळ्या जातींच्या दोन मुली एकमेकींच्या प्रेमात पडतात, अभ्यासक्रमात आहे, मी काय घरून आणलीय? पण बोभाटा एकाच पानाचा, चुंबनाच्या... त्रेचाळीस! पोरं झेरॉक्सच्या दुकानात गेली की दुकानदार न विचारता तेवढंच पान काढून देतो, वर मलाच डोळा मारतो, "सर, भारी शिकवताय हं!" अरे बाबा, उरलेली पंधरा? कथा वाचलीय कुणी? कुणीच नाही!

प्राचार्य म्हणतात, "सर, जात शिकवा, प्रेम शिकवा, दोन्ही एकदम कशाला?" स्टाफरूममध्ये मी शिरलो की गप्पा बंद, जो तो तपासायचे पेपर नाकाशी धरतो! बायको होती तेव्हा बरं होतं. मी शिकवायच्या आधी ती वाचायची आणि भांडायची, "तुम्हाला यातलं ओ की ठो कळलेलं नाही!" चार वर्षं झाली तिला जाऊन. आता घरात सगळं मला कळलेलंच असतं... फार एकटं वाटतं हो.

तर समिती बसली. पाच जण, पाचांपुढे पान त्रेचाळीस. म्हटलं, कथा वाचलीय कुणी? "वेळ कुठाय, सर!" तेवढ्यात तक्रारदार आले, एका विद्यार्थिनीचे वडील. पिशवीतून अख्खं पुस्तक काढलं, समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा! म्हणाले, "त्रेचाळीस राहू द्या, सदतीस उघडा. ती दलित मुलगी हिच्या पेल्यातून पाणी पिते, आणि ती गेल्यावर ही पेला दोनदा घासते. दोनदा! आणि माझ्या मुलीला तुम्ही ही गोड प्रेमकथा म्हणून शिकवलीत? हीच माझी तक्रार!"

वीस वर्षं मास्तरकी करतोय, पण तो पेला मला दिसलाच नव्हता! पण मी हार मानतो होय? पुस्तक ओढलं, वाचलं, म्हटलं, अहो, घासताना ही रडते, ते बघा! "कुणासाठी रडते?" तास दीड तास नुसती जुंपली, समिती चहाला उठून गेली, आम्हाला पत्ता नाही! इतकं बरं मला चार वर्षांत वाटलं नव्हतं.

निकाल लागला. कथाच काढून टाकली. तक्रार मिटली, गृहस्थ नमस्कार करून गेले, ते गेलेच.

आता नव्या सत्राला मी याहून वादाची कथा लावून घेतलीय. आणि चक्क गोड-गोड शिकवतोय... काय करणार? त्यांनी पुन्हा तक्रार करायला नको का?